सरायीमागचं हिरवं झाड

१

ट्रांझिस्टर गायब झाला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. खोलीले बाहेरून कुलूप होतं, किल्ली दत्तोपंत सरांच्या कोटाच्या खिशात होती, कोट सरांच्या अंगावर होता, अन् सर आमच्यासोबत नदीवर होते. खिडकीले हे असे अंगठ्याएवढे जाड गज. आम्ही परत आलो, सरांनी कुलूप काढलं, कृष्णकांत आत गेला अन् तसाच बाहेर आला. म्हणे, माझा ट्रांझिस्टर कोणी घेतला बे?

आता सांगा, कोण घेईन?

थांब भैयाजी, मधी बोलू नको. तुले कावीळ झाली होती, तू त्या सहलीले नव्हता. बाकीच्यांले घरून परवानगी भेटली नाही. आम्ही चौघंच गेलो. इतिहास शिकवणारे आपले दत्तोपंत सर, त्यांची पोरगी लतिका, कृष्णकांत अन् मी. वर्ष झालं, मी कोणाजवळ बोललो नाही. पण मागच्या हप्त्यात तिथं पुन्हा जाऊन आलो. म्हणून सांगतो.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांतीले दोन दिवस होते. आणीबाणी चालूच होती, पण आपल्याले काय, आपण कॉलेजचे पोट्टे. नरखेडच्या पुढे, मध्यप्रदेशच्या हद्दीले लागून बोरटप्पा म्हणून गाव आहे. तिथं जुनी सराय आहे, दगडाची. रेल्वे यायच्या आधी डाकेचे टांगे नागपुराहून निघत, तर त्या सरायीत घोडे बदलत, प्रवासी रात्रभर झोपत. मोठ्ठी कमान, आत चौक, घोड्यांचे ठाण, दगडी हौद. दोन खोल्या बांधकाम खात्यानं साहेबलोकांसाठी नीट करून ठेवल्या आहेत. एकीत लतिका, दुसरीत आम्ही तिघं.

पहिल्या संध्याकाळी सरांनी चौकात बसून आम्हाले सांगितलं की या सरायीतून चोरटी अफू जायची. घोड्यांच्या चाऱ्याच्या पोत्यात. इंग्रज साहेबानं तीनदा झडती घेतली, तीनदा हात हलवत गेला, कारण खाली कुठंतरी तळघर आहे अन् त्याचं तोंड कोणाले सापडलं नाही.

तिथंच बापूजी बसले होते. बापूजी म्हणजे गावचे पोलीस पाटील, सरायीच्या मागची संत्र्याची बाग त्यांचीच. ते हसले. म्हणाले, "तळघर-बिळघर काही नाई गुरुजी. लहानपणी आमी सारे दगड उपटून पाहिले. अन् आता तळघर कायले पायजे? आता तर सरकार कपास आपल्याच भावानं घेते म्हनून लोक बैलबंड्या भरून उजेडी हद्दीपल्याड पांढुर्ण्याले नेतात. कोन लपवून राहिलं?"

आम्ही हसलो. पण माझं डोस्कं फिरलं होतं ना. सकाळी उठलो अन् काठी घेऊन अख्खी सराय ठोकत फिरलो. ठाण ठोकलं, हौद ठोकला, कमान ठोकली. कुठं पोकळ आवाज नाही.

एकच जागा ठोकली नाही. आम्ही झोपलो होतो ती.

२

चोरीचा गोंधळ झाला तर सगळ्यात आधी कृष्णकांत लतिकेवर घसरला. कारण सकाळीच दोघांची लागली होती. हा दिवसभर विविधभारती लावे, अन् तिले सरायीचं चित्र काढायचं होतं. ती म्हणाली होती, हा डबा मी विहिरीत टाकीन. तर हा म्हणे, टाकला का?

लतिका शांत पोरगी, पण असं पाहिलं तिनं त्याच्याकडे. म्हणाली, मी नदीवर आलीच नव्हती हे खरं, डोकं दुखत होतं. पण मी पूर्ण वेळ तुळसाबाईंच्या चुलीपाशी बसली होती, त्यांले विचार.

तुळसाबाई म्हणजे सरायीची देखरेख करणारी बाई. झाडणं, पाणी भरणं, साहेबलोकांले रांधून घालणं. नवरा गेला तेव्हापासून बारा वर्षं तीच करते. कमानीपाशी एक खोली आहे, ती सरकारनं तिले राहायले दिलेली. बाकी ना घर ना वावर. आम्ही तिले मावशी म्हणत होतो. हाताले अशी चव होती तिच्या, वांग्याची भाजी अन् भाकर, सर दोनदा मागून घेत.

तिले विचारलं तर म्हणाली, हाव, लतिकाबाई इथंच होत्या, भाकरी थापाले शिकत होत्या. दोघी तासभर उठल्या नाही. लतिकेनं तिच्या भाकरी दाखवल्या. खरंच तासभराच्याच दिसत होत्या, एकही गोल नव्हती.

मंग तिसरे बापूजी. दुपारी ते चक्कर मारून गेले होते, दोघींनी पाहिलं. अन् आदल्या संध्याकाळी त्यांनी ट्रांझिस्टर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला होता, कितीचा म्हणून विचारलं होतं.

मी त्यांच्या बागेत गेलो. म्हटलं आपण विचारू, आडून आडून. अन् बागेत पाय टाकला अन् मले ते दिसलं, जे दिसाले नको होतं.

तुम्ही नागपूरवाले संत्री खाता फक्त. ऐका. जानेवारीत बाग ताणावर असते. म्हणजे महिना-दीड महिना पाणी बंद. थेंब नाही. झाडं सुकतात, पानं वळतात, पिवळी पडून गळतात, पाहवत नाही. मंग एकदम पाणी सोडलं का फुलानं लदबदते बाग. ताण नीट नाही बसला तर बहार नाही, वर्ष गेलं. मी संत्रेवाल्याचाच पोट्टा आहे, लहानपणी ताणावरच्या झाडाले लाडानं लोटाभर पाणी घातलं म्हणून बापानं मले मारलं होतं.

तर बापूजींची अख्खी बाग सुकलेली, अन् सरायीच्या मागच्या भिंतीले लागून एकच झाड हिरवंगार. तकतकीत. वरून दोन फांद्यांले कळ्या.

मी म्हटलं, "बापूजी, हे एक झाड असं काहून?"

बापूजींनी त्या झाडाकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहत राहिले. मंग म्हणाले, "हट्टी हाय ते. असते एखादं. त्याच्या नादी लागू नोको गा पोरा."

मले वाटलं, सापडला. हा माणूस काहीतरी लपवून राहिला.

३

परत आलो तर चौकात सगळे उभे. मधी तुळसाबाई. तिच्या हातात ट्रांझिस्टर.

तिनं तो ओट्यावर ठेवला अन् सरांले म्हणाली, "मी घेतला होता गुरुजी. चूक झाली."

सर मोठ्यानं बोलणारे नाहीत, तुम्हाले माहीत आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले की बाई, मी तुम्हाला काही बोलणार नाही, पण ही सरकारी जागा आहे, इथे बायकामुली उतरतात. मला खात्याला कळवावं लागेल. उद्या सकाळी खात्याचे ओव्हरसियर रस्त्याच्या कामावर येणार आहेत, त्यांना सांगतो.

म्हणजे नोकरी गेली. नोकरी म्हणजे खोली गेली. ती मान खाली घालून उभी होती, अन् मले तिचे पाय दिसत होते, भेगा पडलेले, अन् मले इतकं वाईट वाटलं का सांगू.

कृष्णकांतलेही वाटलं. तो म्हणे, सर जाऊ द्या, भेटला ना. पण सर तत्त्वाचे.

बरं, आता पाहा. खोलीले दुसरी किल्ली होती का? होती, तुळसाबाईजवळ. ती म्हणाली, त्या किल्लीनं उघडलं. पण लतिका मले बाजूले घेऊन म्हणाली, गिरधर, ती खोटं बोलते. ती माझ्या नजरेआड गेलीच नाही. पीठ मळलं, भाकरी थापल्या, ठेचा वाटला. मी बाबांना सांगितलं, तर बाबा म्हणतात, ती स्वतः कबूल करते आहे तर तुझा काय आग्रह.

ऐका आता. न केलेली चोरी एखादी बाई आपल्या अंगावर घेते. घर जाईन, पोट जाईन, तरी घेते. कोणासाठी?

मी ट्रांझिस्टर हातात घेतला. अन् दोन गोष्टी दिसल्या.

४

कृष्णकांत फक्त गाणे ऐके. त्याचा काटा वर्षभर विविधभारतीवरून हलला नव्हता. आता बटण शॉर्टवेव्हवर दाबलेलं होतं, अन् काटा पार दुसऱ्या टोकाले. तिथं लावलं तर खरखर, अन् खरखरीतून लंडनची हिंदी बातमी.

दुसरं, कातडी कव्हराच्या खिशात तो ईअरफोन ठेवे. दोन बोटांवर गुंडाळून, गाठ मारून. त्याच्या बहिणीच्या नवऱ्यानं दिला तेव्हापासून त्यानं ती गाठ सोडली नव्हती, कारण त्याले आख्ख्या गावाले ऐकवायचं असे. गाठ सुटली होती. वायर नुसती कोंबली होती.

मी तुळसाबाईले विचारलं, मावशी, हा लावता येते का तुम्हाले? ती म्हणाली, हाव, कान पिरगाळला का लागते. मी म्हटलं, अन् ही वायर कायची? तिनं पाहिली. म्हणाली, बांधाची असन.

म्हणजे तिनं ऐकला नाही. ऐकला दुसऱ्यानं. अशा माणसानं, ज्याले बातमी पाहिजे, पण आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही.

सांजच्याले जेवलो. तुळसाबाई वाढून राहिली होती. तिनं पहिल्या दोन भाकरी बाजूले काढल्या. मी विचारलं तर म्हणाली, गाईची भाकर. आता आपल्या घरीही काढतात गाईची, त्यात काय. पण तिनं त्या भाकरींवर ठेचा ठेवला, बरोबर कांदा ठेवला, फडक्यात बांधलं, अन् सरायीच्या मागे गेली. मी पाहत होतो. मागं गाय नाही. कोणाचीच नाही. मागं फक्त ते हिरवं झाड आहे.

अन् गाय ठेचा खात नाही.

तुम्ही हसून राहिले. मीही हसलो होतो, मनातल्या मनात, इतका खूश झालो होतो मी. सगळं जुळलं ना. ती गेल्यावर मी भिंतीमागं जाऊन आलो. भिंतीच्या बुडाशी हातभर रुंद झरोका, वरून काटेरी फांदी लावलेली. त्याच्या खाली जुनी मोरी, अन् मोरीचं तोंड ओलं. साबणाचा वास. ते पाणी सरळ झाडाच्या मुळाशी.

ताणावरच्या बागेत कोणीतरी रोज आंघोळ करून राहिलं होतं. जमिनीखाली.

खोलीत आलो. सर बाहेर वाचत बसले होते. मी माझी खाट सरकवली. खाली तरट अंथरलेलं, त्याचा एक कोपरा दुमडलेला. तरट उचललं तर मोठी फरशी, कडेले खाच, बोटं घालण्याइतकी. मी टाचेनं ठोकलं.

पोकळ.

मी त्याच्या डोक्यावर झोपलो होतो बे. रात्रभर.

५

आता तुम्ही म्हणान, तेव्हाच फरशी काहून नाही उचलली. भ्यालो? थोडा भ्यालो. पण खरं सांगू का, ते कारण नव्हतं. मले सगळ्यांसमोर उचलायची होती. सगळे गोल उभे आहेत, अन् मी एकेक मुद्दा सांगून राहिलो, अन् शेवटी फरशी. तसं पाहिजे होतं मले. सरांले दाखवायचं होतं, लतिकेले दाखवायचं होतं.

मी काय समजलो होतो तेही सांगतो. मले वाटलं, बापूजी अन् त्यांची टोळी. कपाशीचा नाहीतर कायचा तरी चोरटा माल खाली ठेवतात, एक माणूस राखणीले, अन् तुळसाबाई बिचारी त्यांच्या धाकात. म्हणून चोरी अंगावर घेतली. मी तिले सोडवणार होतो.

सकाळी मी दात घासत होतो तर ती आली. पदर डोक्यावरून घेतलेला. तिनं मले खाट सरकवताना पाहिलं असावं, नाहीतर मागच्या काटेरी फांदीवरून समजलं असावं. ती एवढंच म्हणाली, "बाबू, मी घेतला म्हनते ना. मंग राहू दे ना."

मी म्हटलं, मावशी, भिऊ नका. तुमची नोकरी मी वाचवतो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगणार होती असं वाटलं. तेवढ्यात बाहेर फटफटी वाजली. ओव्हरसियर आले.

सरांनी त्यांले चहा दिला, चोरीचं सांगितलं. तो माणूस घाईत होता. म्हणाला, ठीक आहे, बाईले या महिन्याअखेर काढून टाकू, गुरुजी तुम्ही कागद देऊन ठेवा. असं म्हणून तो उठला. फटफटीले किकही मारली त्यानं.

मी धावत गेलो अन् त्याच्या हँडलले हात लावला. म्हटलं, साहेब, पाच मिनटं थांबा. फक्त पाच मिनटं.

तो थांबला. मीच थांबवला त्याले. हे ध्यानात ठेवा.

अन् बापूजींले मी आधीच निरोप देऊन बोलावून ठेवलं होतं, पोलीस पाटील म्हणून. गुन्हेगार स्वतःच्या पायानं आला असं वाटून मले गुदगुल्या होत होत्या.

६

खोलीत सगळे. सर, लतिका, कृष्णकांत, ओव्हरसियर, बापूजी. तुळसाबाई दाराशी. मी सुरू झालो. कुलूप सांगितलं, लतिकेची साक्ष सांगितली, शॉर्टवेव्ह, ईअरफोनची गाठ. सर मान हलवून राहिले होते. गाईची भाकर सांगितली तर ओव्हरसियर हसला. मंग मी झाडावर आलो. ताणावरच्या बागेत एकच झाड हिरवं, कारण त्याले खालून पाणी भेटते, म्हणजे खाली माणूस आहे.

अन् मी बापूजींकडे वळून बोट दाखवणार, तर त्यांचा चेहरा पाहिला. अन् माझं बोट वर उठलंच नाही.

तो पकडलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. बापूजी माझ्याकडे असे पाहत होते, जसा माझा बाप मले पाहते, मी काही फोडलं का.

ते हळूच म्हणाले, "बावीस वर्स झाले मी बाग करून राहिलो. ते झाड मले दिसलं नसन का?"

मी म्हटलं, मंग तुम्ही पाणी काहून तोडलं नाही? अन् तेवढ्यात खालून आवाज झाला. दगडावर दगड घासल्याचा. फरशी स्वतःच वर आली.

एक माणूस वर आला. सव्वीस-सत्तावीसचा असेल. रंग असा पांढरा पडलेला, उजेडात डोळे उघडेनात. अंगात स्वच्छ धुतलेला सदरा. दाढीही केलेली. त्यानं आधी तुळसाबाईकडे पाहिलं, मंग म्हणाला, "रेडिओ मी घेतला. मायचा हात नाई त्यात."

रुपराव नाव त्याचं. तुळसाबाईचा एकुलता एक. हिंगण्याच्या एका कारखान्यात होता, कामगारांचा पुढारी. आणीबाणीत संप करून गेट बंद केलं, तर वॉरंट निघालं. बाकीचे धरले गेले, हा सात महिन्यांपासून इथं. बापूजींले माहीत. गावात पन्नासेक लोकांले माहीत. एस.टी.चा कंडक्टर त्याच्यासाठी जुने पेपर टाकून जाई. बाग ताणावर आली तेव्हापासून सगळ्यांनी त्या हिरव्या झाडाकडे पाहिलंच नव्हतं.

रुपराव कृष्णकांतले म्हणाला, "माफ करजा भाऊ. वरून गाने ऐकू येत होते. वाटलं, बातमीही येत असन. ऐकून ठेवूनच देणार होतो, तुमी नदीवरून लवकर आले." मंग त्यानं विचारलं, काही उडत उडत ऐकलं होतं त्यानं, का निवडणुका होणार म्हणतात, खरं का?

कोणाले माहीत होतं तेव्हा.

बापूजी ओव्हरसियरले म्हणाले, साहेब, तुम्ही चहा घेतला, तुमचा कागद भेटला, तुम्ही निघाले होते. निघालेच होते असं समजा. खूप बोलले ते. हात जोडले. सरही बोलले. पण तो माणूस सरकारी, अन् दिवस तसे. तो म्हणाला, मी पाहिलं नसतं तर गोष्ट वेगळी होती. आता मी पाहिलं. माझी पोरं आहेत.

अन् फटफटी सुरू करून गेला.

बापूजी रुपरावले म्हणाले, हद्द दोन कोसावर हाय, पळ. रुपराव म्हणाला, मी पळालो तर ते मायले नेतीन. तो चौकात उन्हात बसला. सात महिन्यांनी ऊन. तुळसाबाईनं चूल पेटवली अन् त्याले गरम भाकर वाढली, ताटात, सगळ्यांसमोर. त्यानं अर्धीच खाल्ली तर जीप आली.

७

पाच दिवसांनी रेडिओवर सांगितलं, निवडणुका होणार. धरलेले लोक सोडणं सुरू झालं. पाच दिवस, भैयाजी. पाच दिवस मी तोंड बंद ठेवलं असतं, तर...

तुळसाबाईले त्याच दिवशी काढलं होतं. चोरीसाठी नाही. माणूस लपवला म्हणून.

सरांनी नंतर एकदाच तो विषय काढला. वर्ग सुटल्यावर मले थांबवलं. म्हणाले, "तुझा एकही मुद्दा चुकीचा नव्हता, गिरधर. तेच वाईट झालं." तेव्हापासून आम्ही दोघं जिन्यात भेटलो तर दोघंही घड्याळ पाहतो.

बरं, मागचा हप्ता. कृष्णकांतनं मले तो ट्रांझिस्टर दिला. म्हणे, मी नाही जाऊ शकत, तू दे त्याले. नवे सेल टाकून दिले. मी संक्रांतीचा तीळगूळ घेतला, एस.टी.त बसलो, गेलो. सरायीले कुलूप आहे आता, नवीन माणूस ठेवलाच नाही खात्यानं. कमानीत बकऱ्या बसल्या होत्या. तुळसाबाई बापूजींच्या बागेत राहते, पंपाच्या खोलीत. बापूजी माझ्याशी बोलले नाही, पण हाकलूनही दिलं नाही. त्या बाजूले हात दाखवला.

बाग ताणावर होती. सगळी झाडं सुकलेली. तेही. भिंतीले लागून उभं, बाकीच्यांसारखंच पिवळं, कोणतं ते ओळखायले मले अंदाज घ्यावा लागला.

तुळसाबाईनं मले ओळखलं. बस म्हणाली. पाणी दिलं. मी तीळगूळ दिला. तिनं घेतला, बाबू तूही घे म्हणाली, अर्धा मोडून मलेच दिला.

रुपराव बाहेर खाटेवर बसून दोरी वळून राहिला होता. कोठडीत मार खाऊन मार्चमध्ये सुटून आला तो. माझ्याकडे पाहून हसला, अन् खरंच राग नव्हता त्यात, असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, रुपरावभाऊ, हे कृष्णकांतनं पाठवलं. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी पुन्हा म्हटलं. मंग मी नुसता ट्रांझिस्टर पुढे केला.

त्यानं दोन्ही हातांनी घेतला. कव्हरावरून हात फिरवला. खिशातून ईअरफोन काढला. गाठ होती, ती सोडली. शॉर्टवेव्हचं बटण त्यानं न पाहता दाबलं. ईअरफोन उजव्या कानात घातला. काटा फिरवला, पार टोकापर्यंत, अन् परत. मंग काढून डाव्या कानात घातला. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. मले, हातभर दूर बसलेल्याले, वायरीतून बारीक बारीक बोलणं ऐकू येऊन राहिलं होतं. तो मान वाकडी करून बसला होता, जसं कोणी दूरून हाक मारली म्हणून थांबते.

मंग त्यानं ईअरफोन काढला, पुन्हा नीट दोन बोटांवर गुंडाळला अन् ट्रांझिस्टर मायच्या मांडीवर ठेवला. म्हणाला, तू ऐकत जाय. मोठ्यानं बोलला, गरज नसताना.

मी उठलो. मले काही समजलं नाही असं दाखवायचं होतं मले. म्हटलं, मावशी, सेल कमजोर असतीन, मी दुसरे पाठवून देतो नागपुराहून.

तुळसाबाईनं ट्रांझिस्टर कानापाशी नेला, थोडा वेळ ऐकला, बंद केला.

"सेल चांगले हाय, बाबू," ती म्हणाली.